घंटी ज्याच्या खोलीत, चार्ज त्याच्याकडे

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने परवा चहाच्या टपरीवर विचारलं, "तुम्ही झोपेचा काही कोर्स केला म्हणे? कसा असतो तो?" त्याची आई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून प्रश्न कशासाठी आहे ते समजलं. टपरीवर चार वाक्यांत सांगता आलं नाही, म्हणून सगळं ओळीने लिहून काढतो आहे.

माझ्या बाबांना २०१५ पासून पार्किन्सन आहे. आता वय ७६. रेल्वेत लोको पायलट होते, त्यांच्या भाषेत ड्रायव्हर. इटारसीच्या लाईनवर अर्धं आयुष्य गेलं. आई जाऊन सहा वर्षं झाली. नागपुरात छत्रपती चौकाजवळच्या घरात आम्ही चौघं: बाबा, मी, बायको आणि इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा. बायकोची सकाळची शाळा, सातला हजेरी. त्यामुळे रात्रीचे बाबा माझ्याकडे. असं कोणी बसून ठरवलं नव्हतं, पडत गेलं.

पार्किन्सनची रात्र बाहेरच्या माणसाला कळत नाही. दिवसा गोळ्यांच्या जोरावर बाबा काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. रात्री गोळीचा असर उतरतो आणि अंग लाकडासारखं होतं. कूस बदलायला माणूस लागतो, लघवीला उठायला माणूस लागतो. त्यात भर स्वप्नांची. स्वप्न पडताना आपलं शरीर सैल पडलेलं असतं. या आजारात बऱ्याच जणांचं ते पडत नाही, म्हणून स्वप्नातलं सगळं हातापायांनी होतं. बाबा गाडी चालवतात. "कॉशन!" म्हणून ओरडतात, हवेत ब्रेक लावतात. एकदा माझ्या नाकावर लागला.

मला बोलवायला त्यांच्या पलंगाच्या लोखंडी कठड्यापाशी स्टीलचा ग्लास ठेवलेला असे. आवाज बारीक झालाय, हाक ऐकू येत नाही. ग्लास कठड्यावर आपटला की टण टण. साडेअकरा, दीड, तीन, साडेचार. वर्षानुवर्षं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी एक मूर्खपणा केला, तो लपवत नाही. एका नातेवाईकाच्या घरून झोपेच्या गोळीची अर्धी स्ट्रिप आणली होती, अल्प्राझोलाम. ही शेड्यूल एच-१ ची गोळी आहे, औषधवाल्याला चिठ्ठी बघून रजिस्टरला नोंद करावी लागते. मी ती शेंगदाण्यासारखी खिशात टाकून आणली. एका रात्री अर्धी घेतली आणि मेल्यासारखा झोपलो. पहाटे पाचला उठलो तर बाबा पलंगाखाली फरशीवर बसलेले, कपाळ फुटलेलं, रक्त भुवईवर वाळलेलं. सहा टाके पडले. म्हणाले, "वाजवला मी ग्लास. मंग म्हटलं झोपू दे पोट्ट्याले."

त्या दिवसापासून माझे कान मिटले नाहीत.

१८ एप्रिलला इलेक्शन ड्युटी लागली. कुही तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मुक्काम, १९ ला मतदान. बाबांजवळ मुलगा होता. मला वाटलं, चला, एक रात्र तरी मिळाली. वर्गात सतरंजीवर आडवा झालो आणि दीडला उठून बसलो. तीनला परत. साडेचारला परत. ग्लास पन्नासेक किलोमीटरवर होता. शेजारचे मतदान अधिकारी म्हणाले, "काऊन साहेब, मशीनची चिंता होऊन राहिली का?"

एप्रिलच्या शेवटी आणखी एक सुरू झालं. कूलरच्या घरघरीत ग्लास ऐकू येणार नाही म्हणून मी कूलर बंद करून झोपू लागलो. नागपुरात त्या दिवसांत कूलर बंद करणाऱ्याला लोक वेडा म्हणतात आणि बायकोने तसं म्हटलंही. ती उशी घेऊन मुलाच्या खोलीत गेली. मी घामात भिजत जागा. मे महिन्यात एका सकाळी शंकर नगर चौकात सिग्नलला स्कूटरवर डुलकी लागली, गाडी कलंडली, मागच्या ऑटोवाल्याने उचललं. गुडघा सोलला, बाकी काही नाही.

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. एका रात्री चौथ्यांदा ग्लास वाजला तेव्हा मी बाबांवर ओरडलो, "मी माणूस आहे की मशीन?" पुढच्या दोन रात्री ग्लास वाजलाच नाही. दोन्ही सकाळी गादी ओली.

९ मे रोजी गुडघ्याच्या ड्रेसिंगसाठी फॅमिली डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सवयीने बीपी घेतलं, १५२ वर ९८. गोळी लिहिण्याआधी विचारलं, "झोप किती?" मी म्हटलं, "बाबांमुळे होत नाही." ते म्हणाले, "बाबांचं नाही विचारलं." आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी मी चार दिवस पाकिटात घेऊन फिरलो. वेड लागलं का आपल्याला, हाच विचार. शेवटी बायकोनेच फोन करून नंबर लावला.

१८ मे, शनिवार, धंतोली. साडेअकराची वेळ, आत गेलो एक वाजून दहा मिनिटांनी. त्यातली पंचवीस मिनिटं स्कूटर लावायला जागा शोधण्यात गेली. फी ९००. आधी दोन कागद भरायला दिले. एक झोपेचा, सात प्रश्नांचा, २८ पैकी गुण. माझे २०, म्हणजे मध्यम, पण जास्तीच्या सीमेजवळ. दुसरा नैराश्याचा, नऊ प्रश्नांचा, २७ पैकी, माझे ११. त्या दुसऱ्या कागदातल्या शेवटच्या प्रश्नावर, जगणं नकोसं वाटतं का, या ओळीवर पेन जरा थांबलं. "नाही" वर खूण केली, पण डॉक्टरांनी थांबलेलं पेन बघितलं होतं. त्यांनी तोंडी परत विचारलं, सरळ शब्दांत. तुम्हालाही विचारतील. बिचकू नका, खरं सांगा.

घोरतो का, रात्री श्वास अडकतो का, हेही बायकोकडून विचारून घेतलं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं, ६५० रुपये, दोन्ही ठीक निघाले. मला वाटलं होतं गोळी लिहून देतील. ते म्हणाले, निद्रानाश जुना असेल तर आधी सीबीटी-आय करायचं. गोळी न देता, झोपण्याच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलत जाण्याचा हा उपचार. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्येच गोळ्यांच्या आधी याची शिफारस केली आहे. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ वेगळ्या, त्यांच्याकडे पहिली तारीख मिळाली १ जूनची.

मधले दोन आठवडे वाईट गेले. २६ मेच्या रात्री दोन पन्नासला स्वयंपाकघरात उभा राहून १४४१६ लावला. टेली-मानस, सरकारी हेल्पलाईन, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास आणि फुकट. मराठीचा पर्याय निवडता येतो. पलीकडच्या बाईंनी आधी माझी वीस मिनिटं ऐकून घेतली, मग विचारलं, घरात रात्रीसाठी दुसरं कोण आहे. मी म्हटलं, कोणीच नाही. हे बोलत असताना मुलाच्या खोलीतला दिवा दाराखालून दिसत होता. तो तेव्हा मोबाईलवर जागाच होता.

पहिल्या सेशनला (७०० रुपये, पन्नास मिनिटं) मॅडमनी उपचार काही केला नाही. मिरगी आहे का, कधी अति उत्साहाचा झटका आला होता का, हे विचारलं, कारण तसं असेल तर पुढची पद्धत चालत नाही. मग एक वही आखून दिली. अंथरुणाला पाठ किती वाजता टेकली, झोप अंदाजे किती वाजता लागली, सकाळी कधी उठलो. माझ्यासाठी दोन जादा रकाने: बाबांनी ग्लास किती वेळा वाजवला, आणि मी किती वेळा उठलो. रात्री घड्याळ बघायचं नाही, मोबाईल उघडायचा नाही, फक्त पेन्सिलीने रेघ मारायची. बाकीचं सकाळी आठवून.

८ जूनला मॅडमनी माझ्यासमोर रेघा मोजल्या. आठवड्यात बाबांनी ग्लास वाजवला होता १७ वेळा. मी उठलो होतो ४१ वेळा.

मी वही परत हातात घेऊन मोजली. आकडा तोच. नऊ वर्षं मी सांगत होतो की बाबा झोपू देत नाहीत. त्याच सुमारास, ३० मेला, रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान दाखवलं गेलं होतं आणि मागाहून हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. माझे कान त्याच जातीचे निघाले.

त्या दिवशी मी मॅडमना बोललो जे कोणालाच बोललो नव्हतो. फरशीवर बसलेले बाबा दिसतात. आणि कधीकधी तीन वाजता मनात येतं, हे एकदाचं संपलं तर झोपता येईल. म्हणजे काय संपलं तर, ते तुम्हाला समजलं असेल. मॅडमनी डोळे मोठे केले नाहीत. म्हणाल्या, "या खुर्चीत बसणारे घरचे लोक हे बहुतेक सांगतात. कोणी पहिल्या दिवशी, कोणी पाचव्या." मग रुमालाचा डबा सरकवला, मला लागला.

पुढचं गणित असं. मी दहा ते सहा, आठ तास अंथरुणात पडत होतो आणि झोपत होतो सव्वाचार तास. तर अंथरुणात फक्त साडेपाच तास राहायचं: रात्री बारा ते पहाटे साडेपाच. त्याआधी पाठ टेकायची नाही, दुपारची डुलकी नाही, रविवारही नाही. झोप येत नसेल तर साधारण वीस मिनिटांनी उठून दुसऱ्या खोलीत जायचं. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के झोप होऊ लागली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. पहिले दोन आठवडे दिवसा झोप जास्त येते, म्हणून स्कूटर चालवायची नाही ही अट. शंकर नगर चौकानंतर मला ती पटवावी लागली नाही. छत्रपती चौकातून मेट्रो धरली. धंतोलीसाठी काँग्रेस नगरला उतरलं की चालत जाता येतं. ही अक्कल आधी सुचली असती तर पार्किंगचे फेरे वाचले असते.

पण हे सगळं तेव्हाच शक्य, जेव्हा माझ्या झोपेच्या वेळी बाबा दुसऱ्या कोणाकडे असतील. खरा उपचार हाच होता आणि तो सर्वांत अवघड गेला.

पुण्याच्या ताईला फोन केला. पैशाचं बोलायला जीभ रेटत नव्हती. "तीन रात्रींचा माणूस ठेवायचाय, अर्धे तू दे." पलीकडे शांतता. मग म्हणाली, "इतकी वर्षं बोलला का नाहीस?" मला वाटत होतं तिला दिसत असेल. तिला वाटत होतं आमचं सगळं ठीक चाललंय, कारण मी दर रविवारी फोनवर "सगळं ठीक" असंच म्हणत होतो.

माणूस ब्युरोतून आणला, घरी रुग्णसेवेला माणसं पुरवतात त्या. नोंदणी १,५०० रुपये, रात्री आठ ते सकाळी आठचे ६५०. पहिला मुलगा १२ जूनला आला. कानात इअरफोन घालून रील बघायचा, ग्लास त्यालाच ऐकू यायचा नाही. चार रात्रींत गेला. नोंदणीचे पैसे परत नाहीत, बदली माणूस नऊ दिवसांनी. तुम्ही ठेवाल तेव्हा बदली किती दिवसांत देणार हे आधी कागदावर घ्या आणि पहिल्या रात्री स्वतः घरात जागे राहून काम बघा. दुसरे आले ते पन्नाशीचे, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, आधी एका दवाखान्यात वॉर्डबॉय होते. आल्या आल्या त्यांनी बाबांना विचारलं, "ड्रायव्हर साहेब, कोणती लाईन होती?" तिथेच जमलं. सोम, बुध, शुक्र भाऊ. शनिवारची रात्र मुलगा, तसाही तो दोनपर्यंत जागतो. इतक्या दिवसांत त्याला कधी विचारलंच नव्हतं. राहिलेल्या तीनपैकी एक बायको आणि दोन माझ्या.

ग्लासाच्या जागी बिनतारी घंटी आणली, सीताबर्डीतून, ४८० रुपये. बटण बाबांच्या हाताशी, कठड्याला दोरीने बांधलेलं. वाजणारा डबा ज्याची पाळी त्याच्या खोलीत. माझी पाळी नसेल त्या रात्री माझं दार बंद, कूलर चालू. बाबांना हे समजावताना मी घोळ घालत होतो, तर तेच मधे म्हणाले, "चार्ज. चार्ज कोणाकडे, तेवढं सांग." ड्युटी संपली की दुसऱ्या ड्रायव्हरला गाडीचा चार्ज द्यायचा आणि उतरायचं, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं. मग घरात तोच शब्द रुळला.

दार बंद करून पहिल्या रात्री तीनपर्यंत जागा होतो. दोनदा उठून स्वयंपाकघरात बसलो, चवळीच्या शेंगा मोडल्या. दाराला कान लावायचा मोह एकदा झाला, लावलाही. भाऊंचा हळू आवाज आला, "या कुशीवर, आता हा पाय." मी परत येऊन बसलो. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात टेबलावर डोकं टेकवून रडावंसं वाटेल इतकी झोप यायची. हा काळ असा जातो हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस तिथेच सोडून देतो. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री साडेबाराला झोपलो आणि डोळे उघडले तर पाच वाजले होते. आधी घाबरलो. धावत बाबांच्या खोलीत. भाऊ पेपर वाचत होते.

मधल्या काळात बाबांच्या न्यूरॉलॉजिस्टकडेही गेलो, कारण मॅडमनी विचारलं होतं, "त्यांना रात्रीचं सांगितलंय?" नऊ वर्षांत नव्हतं सांगितलं. आम्ही कायम चालणं, थरथर, बद्धकोष्ठ सांगत आलो. त्यांनी झोपताना हळूहळू विरघळणारी गोळी जोडली. फिजिओथेरपिस्टने गादीच्या मधल्या भागावर, कमरेखाली, गुळगुळीत कापडाची पट्टी घालायला सांगितली, म्हणजे कूस वळताना अंग अडत नाही. घसरून खाली येऊ नये म्हणून कठडा मात्र हवाच. बाजारात शोधत बसण्यापेक्षा आईची एक जुनी रेशमी साडी होती, काठ विरलेली, ती बायकोने दुहेरी करून शिवली. बाबांनी हात फिरवला आणि म्हणाले, "हे तं तिचं आहे." त्या रात्री एकदा ते स्वतःहून वळले.

संध्याकाळचा चहा सहाच्या आत आणला, लघवीचं भांडं कठड्याला अडकवलं. छोट्या गोष्टी, पण रात्रीची एक घंटी कमी झाली.

कागदपत्रांचं थोडक्यात. पार्किन्सन हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, हे आम्हाला उशिरा कळलं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, सही आणि रिपोर्ट टाकून २४ जूनला अर्ज केला, तपासणी ऑगस्टमध्ये झाली. जाताना व्हीलचेअर, पाण्याची बाटली आणि गोळीचा डोस सोबत ठेवा, रांग डोसच्या वेळेशी जुळत नाही. प्रमाणपत्रावर ६० टक्के आले. मला वाटलं कलम ८०डीडीखाली माझी करवजावट होईल. पण बाबांना पेन्शन आहे, ते माझ्यावर अवलंबून ठरत नाहीत, असं नात्यातल्या सीएने सांगितलं. बाबांच्याच विवरणपत्रात, जुन्या करपद्धतीत, तेव्हाच्या कलम ८०यूची ७५,००० ची वजावट घेता येईल, असंही त्यांनी सांगितलं. माझ्या सेशनच्या बिलांचं ऑफिसात विचारलं, तर बाह्यरुग्ण खर्च बसत नाही असं उत्तर आलं.

शेवटचं, सहावं सेशन ३ ऑगस्टला झालं. झोपेच्या कागदावर २० चे ९ झाले होते. अंथरुणातली वेळ आता अकरा ते साडेपाच. त्या आठवड्यात बाबांनी घंटी वाजवली १४ वेळा, घरातलं कोणी ना कोणी उठलं १४ वेळा. त्यातला मी पाच. याशिवाय उगाच उठलो तो दोनदा. बीपी १३४ वर ८६. माझा एकूण खर्च, डॉक्टरांची दुसरी फेरी ५०० धरून, घंटीसकट ६,७३०. भाऊंचे महिन्याचे साडेआठ हजारांच्या आसपास, अर्धे ताई देते.

सगळं गोड झालं असं नाही. ऑगस्टच्या शेवटी बाबांच्या छातीत कफ झाला, ताप आला, खोलीत माणसं दिसायला लागली. आठ दिवस सगळ्या पाळ्या मोडल्या आणि माझे कान पुन्हा उघडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबरला, इतवारीकडे मारबत (पीडा घेऊन जाणारा पुतळा) निघाली तेव्हा बायको घरातूनच ओरडली, "जागरण घेऊन जा गे मारबत!" बाबाही हसले, तोंडावर हसू उमटायला वेळ लागतो त्यांच्या, पण उमटलं. ताप गेल्यावर मी वही परत काढली आणि पुन्हा रेघा मारल्या. चौथ्या दिवशी भाऊंच्या पाळीला दार बंद केलं.

सकाळी चहा देताना बाबा म्हणाले, "काल तीनदा गाडी थांबली. तू दिसला नाही."

"चार्ज भाऊकडे होता, बाबा."

"हं. मंग बराबर आहे." आणि साखर कमी आहे म्हणून तक्रार केली.

त्या सहकाऱ्याला मी डॉक्टरांचा नंबर दिला आहे. तुम्हीही निघालात तर वहीत जादाचे ते दोन रकाने पहिल्या दिवसापासून आखा. आणि धंतोलीत गाडी घेऊन जाऊ नका.